गठाणीत निजलेली आग

माझी डावी भुवई उजवीपेक्षा विरळ आहे. लग्नात कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण मुंडावळ्या होत्या. पुढे बायकोच्या लक्षात आलं, मग पोरांच्या, आणि आता भाचरं विचारतात. प्रत्येकाला मी वेगळी गोष्ट सांगून ठेवली आहे. एकाला अस्वलाची सांगितली, एकाला बेचाळीसच्या चळवळीची. बेचाळीस साली मामा सात वर्षांचा होता हा हिशेब त्या भाच्याने अजून केलेला नाही. खरी गोष्ट अशी की एका माणसाची नक्कल मी महिना कोणता ते न बघता केली. सांगायचं आहे ते त्या माणसाबद्दल. भुवई आपली मध्ये आली.

ते माझे घरमालक. राळेगावपासून सहा-सात कोसांवर एक गाव होतं, त्यात कापसातली सरकी काढून रुई करणारं एक जिन, रुईच्या गठाणी बांधणारी एक प्रेस आणि एक हायस्कूल. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथे माझे विद्यार्थी अजून आहेत आणि ते मला शहाणा समजतात. नागपूरहून बी.एस्सी. होऊन मी तिथे विज्ञान शिकवायला गेलो ते साल सत्तावन्न. आम्ही नुकतेच मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेलो होतो, म्हणजे गाव जागच्या जागी होतं, कचेरीवरच्या पाट्या तेवढ्या बदलल्या होत्या. माझ्या बॅगेत दोन सदरे, एक धोतर आणि पदवीचं गुंडाळलेलं भेंडोळं होतं. ते भेंडोळं मी पहिल्या दिवशी घरमालकांच्या बायकोला, चाचीला, दाखवलं. तिने हात पुसून ते घेतलं, उलटं धरून कौतुकाने पाहिलं आणि विचारलं, भाडं पहिल्या तारखेला देणार की पगार झाल्यावर.

घरमालकांना सगळा गाव मिस्त्री म्हणे. गॅसबत्त्या, स्टोव्ह, चक्कीचं इंजिन असं सगळं ते दुरुस्त करत आणि कापसाच्या हंगामात जिनात बोलावले जात. उंच, वाळके, कमी बोलणारे. त्यांच्याकडे पहिल्यांदा बघितलं की काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं आणि ते काय हे कळायला वेळ लागायचा. त्यांच्या डोळ्यांना पापण्यांचे केस नव्हते, एकही नाही. दुपारी ते बाजेवर लवंडले की झोपलेत की बघताहेत हे सांगता येत नसे. मी महिनाभर त्यांना झोपेत नमस्कार घातले आहेत, आणि एकदोनदा ते जागे आहेत हे न कळून त्यांच्याबद्दल चाचीशी बोललो आहे.

त्यांच्या घरात दिवा फुंकायची बंदी होती. दिव्याची वात खाली करायची, वरून झाकण ठेवायचं आणि वास जाईपर्यंत तिथेच बसायचं. आग ‘विझली’ असं ते कधी म्हणत नसत, ‘निजली’ म्हणत. ‘लागली’ असंही नाही, ‘उठली’. कुणाच्या घरी गेले की उंबऱ्यावर थांबत, मान थोडी वळवत, लांबून कुणी हाक मारतंय ती ऐकावी तसे. मग आत येत. एकदा हेडमास्तरांकडे आम्ही दोघं चहाला गेलो होतो. मिस्त्री उंबऱ्यावर थांबले आणि तिथूनच म्हणाले, बाजेखाली पाहा. बाजेखाली गोणपाट होतं, गोणपाटावर हेडमास्तरांच्या सासऱ्यांनी सकाळी झटकलेल्या चिलमीतली ठिणगी, आणि तिच्याभोवती पावलीएवढं काळं भोक. धूर नाही, काही नाही. सासरे त्यानंतर मिस्त्री आले की चिलीम घेऊन परसात जाऊन बसत.

आता भुवई. डिसेंबरची संध्याकाळ होती. मिस्त्री अंगणात गॅसबत्ती उघडून बसले होते, शेजारी पसरट डब्यात रॉकेल. मी पलीकडच्या बाजेवर बसून त्यांना ज्वलन समजावून सांगत होतो. कुणी विचारलं नव्हतं, पण बी.एस्सी. नवीन होती. बोलता बोलता त्यांनी काडी ओढली, ती नीट पेटू दिली आणि सरळ रॉकेलच्या डब्यात टाकली. मी बाज ओलांडून पलीकडे उडी मारली, ती जागा तुळशीवृंदावनाची असती तर आज भुवईचा प्रश्नच नसता. काडी ‘चुर्र’ करून विझली.

“तेल जयत नाई, मास्तर,” ते म्हणाले. “तेलाची वाफ जयते. आता थंडी हाये, वाफ उठली नाई.”

मी पहिली दोन वाक्यं वहीत लिहून घेतली. शेवटचं मला गप्पांतलं वाटलं.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात शाळेत तपासणीला साहेब आले. आमच्याकडचा एप्रिल म्हणजे बादलीतलं पाणीसुद्धा अंगावर घेताना विचार करावा लागतो. मी आठवीच्या वर्गात खिडकीशी उन्हात रॉकेलची वाटी ठेवली, मुलांना सांगितलं की द्रवपदार्थ जळत नाही हे आता पाहा, आणि काडी पेटवून हात पुढे केला. काडी तेलाला टेकलीच नाही. टेकायच्या आधी आग वाटीतून वर आली आणि तिने काडी माझ्या हातातून घेतली. जणू सकाळपासून वाटीवर वाकून कुणीतरी माझीच वाट बघत होतं. साहेबांनी प्रसंगावधान राखून वाटीवर हजेरीपट घातला, आणि जाताना शेऱ्यात लिहिलं की प्रात्यक्षिक परिणामकारक होते.

घरी आलो. मिस्त्रींनी भुवईला खोबरेल लावलं आणि एवढंच विचारलं, “महिना कोणता चालू हाये?”

त्या दिवसापासून मी गप्प बसून बघायला शिकलो. शिकलो म्हणजे काही दिवस. त्या दिवसांत त्यांनी मला मेणबत्ती दाखवली. चिमटीने ज्योत मोडायची, की वातीतून धुराचा एक पांढरा दोर सरळ वर निघतो. त्या दोराला, वातीपासून वीतभर उंच, जळती काडी लावायची. ज्योत दोरावरून झरकन खाली उतरते आणि वातीवर जाऊन बसते. शास्त्र सोपं आहे, त्या धुरात मेणाची वाफ असते, तीच पेटते. मेण वितळतं, वितळलेलं वर चढतं, त्याची वाफ होते आणि मग जळते, लाकडाचंही तसंच. हे मी आज वर्गात दीड मिनिटात सांगतो. पण त्या अंधाऱ्या खोलीत, कुठेही न टेकता ज्योत शिडीवरून उतरल्यासारखी खाली येताना पाहिली की माझ्या पाठीवरून काहीतरी सरकायचं. मी त्यांना ती तीस वेळा तरी उतरवायला लावली असेल. मिस्त्री एकदाच म्हणाले, जे जळतं ते आधी अंगातून निघून वर येतं, माणसाचंही तसंच असेल, आपल्याला माहीत नाही.

परसात एक लोखंडी पिंप कायम पाण्याने भरलेलं असे. मोटार स्टँडवरून कुणी पेट्रोलचं रिकामं पिंप कापून न्हाणीसाठी करून मागितलं की मिस्त्री ते तीनदा पाण्याने भरत, तीन दिवस उन्हात उघडं ठेवत आणि मगच छिन्नी लावत. गिऱ्हाईक हसायचं, अहो रिकामंच तर आहे. त्यावर मिस्त्री सांगत की भरलेल्याचं त्यांना भय नाही, भरलेलं वरून जळतं, बादलीभर वाळूत मरतं. रिकाम्यात हवा आणि वाफ दोघी गळ्यात गळा घालून बसलेल्या असतात, त्यांना नुसतं बोट दाखवायची खोटी. त्यांच्या पापण्या कुठे गेल्या ते मला चाचीने सांगितलं. उमरखेडला असताना ते आणि त्यांचे धाकटे भाऊ मिळून काम करत. वर्षभर उन्हात पडलेलं, ठणठणीत कोरडं एक पिंप होतं. भावाने त्यावर छिन्नी ठेवली. मिस्त्री दहा पावलांवर होते. त्या दिवसापासून, चाची म्हणे, यांना कळायला लागलं.

काय कळायला लागलं, ते तिने सांगितलं नाही.

कापसाबद्दल मात्र मिस्त्री वेगळं बोलत. तेल, लाकूड, गॅस हे सगळे ज्वाला दाखवून जळतात, समोर येऊन भांडतात. कापसाला ज्वाला लागत नाही. चिंचोक्याएवढी ठिणगी रुईत गेली आणि वरून प्रेसने तिची गठाण बांधली, की दगडासारख्या त्या गठाणीत ती आठवडाभर, पंधरा दिवस बसून खाते. वर हात ठेवा, थंड. वास घ्या, नुसता तागाचा. म्हणून जिनात दरवर्षी आग निघाली की शेटजी मिस्त्रींना बोलावत. मिस्त्री अनवाणी गठाणींवरून चालत, लोखंडी सळई खुपसून बाहेर काढत आणि गालाला लावून बघत.

आल्याला दुसरं वर्ष चालू होतं. माघात जिनात आग निघाली, तासाभरात आटोक्यात आली. चाळीसेक बांधलेल्या गठाणी धगीतून ओढून काढल्या होत्या. मिस्त्रींनी सळईने त्यातल्या तीन बाजूला केल्या, फोडल्या, तिन्हींत आग निघाली. शेटजी खूश झाले. पण मिस्त्री खाली उतरेनात. ते म्हणाले, अजून एक आहे. सळई सगळीकडे घालून झाली, सगळीकडे थंड. तरी त्यांचं तेच. आहे, पण कुठे ते कळत नाही, गोदामात कोंडू नका, उघड्यावर पसरून ठेवा.

उघड्यावर चाळीस गठाणी ठेवायच्या म्हणजे चोर, गुरं आणि दव. शेटजी भले गृहस्थ, शिक्षणाला मान देणारे. त्यांनी म्हटलं, शास्त्र काय म्हणतं ते विचारू, आणि शाळेत माणूस पाठवून मला बोलावलं.

तिथे सगळं जिन उभं होतं. जमादार, हमाल, किडका, कवडी कापूस निवडून काढणाऱ्या वीसेक बाया. मला खुर्ची दिली. त्या खुर्चीचंच सगळं पाप. मी बोटं मोजून सांगितलं की ज्वलनाला तीन गोष्टी लागतात, जळणारा पदार्थ, उष्णता आणि प्राणवायू. गठाण इतकी घट्ट दाबलेली की आत हवा नाही. हवा नाही म्हणजे प्राणवायू नाही. प्राणवायू नाही म्हणजे आग राहूच शकत नाही. जमादाराने मान डोलावली. बाया माझ्याकडे कौतुकाने बघत होत्या, हे मी त्या वेळीही टिपलं होतं.

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. बिनपापण्यांची नजर चुकवता येत नाही, कारण ती कधी मिटतच नाही.

“पुस्तकात लिवलं असन तं बरोबरच असन,” ते म्हणाले.

शेटजींनी गोदामाला कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवसापासून मिस्त्री गोदामाच्या भिंतीला पाठ लावून बसायला लागले. सकाळी जायचे, दिवस मावळला की उठायचे. भाकरी तिथेच. पोरांना मजा वाटली, मोठ्यांना शंका यायला लागली. मी शाळेतून येताना लांबच्या रस्त्याने यायला लागलो. गोदामाच्या पलीकडे बायांची निवडायची शेड होती, मध्ये एकच भिंत. नवव्या दिवशी दुपारी मिस्त्री उठले, शेडमध्ये शिरले आणि बायांना बाहेर काढायला लागले. शब्दाने उठेनात तेव्हा हाताला धरून ओढलं. एकीची तर भाकरीची शिदोरी लाथेने उडवली. बायांनी त्यांच्या सात पिढ्या काढल्या, जमादार काठी घेऊन धावला. सगळ्या बाया रस्त्यावर येऊन शिव्या देत उभ्या असताना गोदामाचा पत्रा एकदा वाजला. नुसता एकदा, ताटली पडावी तसा. मग तो मधोमध लाल झाला, आणि मग गोदाम आणि शेड दोन्ही एकदम उठली.

वीस बायांत एकीलाही चटका बसला नाही. गावाने संध्याकाळपर्यंत मिस्त्रींचं नाव घेतलं. संध्याकाळी जमादाराने वेगळं काहीतरी विचारलं. आग निघायच्या आधी बाया बाहेर काढायला या माणसाला कुणी सांगितलं? नऊ दिवस भिंतीला टेकून काय करत होता? गोदामाला कुलूप, किल्ली शेटजींकडे, आत आग असूच शकत नाही असं मास्तरांनी सगळ्यांसमोर सांगितलेलं. मग ती आत गेली कशी?

रात्र पडायच्या आत फौजदार मिस्त्रींना चौकीत घेऊन गेले.

चाची रडली नाही. दारात बसून तांदूळ निवडत होती. मी पायातल्या वहाणा काढत होतो तेव्हा मान वर न करता तिने विचारलं, “मास्तरभैया, तुमी त्या दिवशी ‘मले मालूम नाई’ म्हटलं असतं तं काय झालं असतं?”

मी वहाणा परत घातल्या.

फौजदार साताऱ्याकडचे होते, हवा मानवली नव्हती म्हणून कायम ताक पीत असत. त्यांनी मला बसवलं, ताक दिलं आणि म्हणाले, “तुम्हीच ना ते, आग राहूच शकत नाही म्हणणारे? मग कुणीतरी लावली. तुमचंच शास्त्र सांगतंय. तुमचा जबाब घ्यायला मी उद्या येणारच होतो.”

तोपर्यंत मला वाटत होतं की मी फक्त चुकलो आहे. मिस्त्रींच्या विरुद्धचा मुख्य पुरावा मी आहे हे तेव्हा कळलं. मी सांगितलं की मी चुकलो. दाबलेल्या रुईच्या तंतूंत थोडी हवा राहतेच, आणि ज्वालेला लागते तेवढी हवा निखाऱ्याला लागत नाही. हे मी गोदाम पेटल्यावर शाळेतली पुस्तकं चाळून काढलं होतं, पुस्तकात ते होतं, मी त्या पानापर्यंत पोचलो नव्हतो. फौजदारांनी ऐकून घेतलं. ते म्हणाले, मास्तर चुकले यावर कोर्ट सहज विश्वास ठेवेल, पण थंड गठाण नऊ दिवसांनी पेटते यावर कोण ठेवणार. दाखवा मला. नाहीतर हा माणूस वरती यवतमाळला जाईल, आणि शेटजींचं नुकसान पाहता पाच-सात वर्षं येणार नाही.

तेव्हा मिस्त्री मागच्या खोलीत होते. कागदोपत्री अटक नव्हती, चौकशीसाठी बसवून ठेवलं होतं. तिथून त्यांचा आवाज आला. तशी गठाण कशी करायची ते त्यांनी सांगितलं. रुईचा चिमूटभर बोळा पेटवायचा, ज्वाला मोडायची, नुसता लाल ठेवायचा, आणि अर्धी प्रेस झाली की मधोमध ठेवून वरून बाकीची भरायची. शेटजी कबूल झाले, त्यांनाही रात्री झोप नव्हती. त्यांच्या प्रेसवर सगळ्यांसमोर गठाण बांधली, पोलादी पट्ट्यांवर फौजदारांनी लाखेची मोहोर केली, आणि बैलगाडीने ती चौकीच्या अंगणात आणून कडुनिंबाखाली ठेवली. फौजदार म्हणाले, सात दिवस. आठव्या दिवशी कागद वर जातील.

पहिल्या दिवशी सगळ्यांनी हात लावून पाहिला. थंड. दुसऱ्या दिवशी फौजदारांनी ताकाचा पेला तिच्यावर ठेवला. तिसऱ्या दिवशी शिपाई तिच्यावर बसून पत्ते खेळायला लागले, आणि चौकीतली एक कोंबडी दुपारी तिथेच बसायला लागली. मी रोज शाळा सुटली की जायचो. सात दिवसांत माझ्याइतका त्या गठाणीला कुणी हात लावला नसेल. नाक लावलं, कान लावला. ताग, धूळ, कोंबडी. आणखी काही नाही.

मागच्या खोलीला अंगणाकडे खिडकी नव्हती. मध्ये दोन भिंती आणि पंचवीसेक पावलं. मिस्त्री पलीकडे तोंड करून बसलेले असत. मी गेलो की न वळता सांगत. आज उजवीकडं सरकली. आज खाली उतरून राह्यली. एक दिवस म्हणाले, आज थांबली हाये, आयकून राह्यली. मी मास्तर, मला लिहायची सवय. वहीच्या मागच्या पानावर मी रोजचं लिहून ठेवत होतो, आणि लिहिताना मनात म्हणत होतो की या माणसाचं डोकं गेलंय, आणि ते मी घालवलंय.

पाचव्या दिवशी माझ्या खिशात आगपेटी होती. मी विडी ओढत नाही. ती खिशात कशी आली हे मी तेव्हाही स्वतःला विचारलं नाही. आतली ठिणगी मेली असणार, माझी खात्री झाली होती. गठाणीच्या मागच्या अंगाला, जमिनीलगत, तागाला एक उसवलेली जागा होती. दोन काड्या पुरल्या असत्या. शिपाई पाणी प्यायला गेला होता, अंगण रिकामं, कोंबडी तेवढी माझ्याकडे बघत होती. मी खाली बसलो. हात खिशात गेला.

“मास्तर,” दोन भिंतींच्या पलीकडून आवाज आला, “दुसरी नका घालू. एक पुरते.”

मी तिथून कसा उठलो ते आठवत नाही. एवढं आठवतं की आगपेटी घरी जाताना नाल्यात टाकली, आणि त्या रात्री कंदील विझवायला माझा हात होईना.

सातव्या दिवशी चौकीच्या भिंतीवर माणसं चढून बसली. शेटजी आले, जमादार आला, त्या वीस बायांतल्या चारपाच आल्या. चाची आली नाही. फौजदारांनी मोहोर तपासली, चारी बाजूंनी तळवा फिरवला आणि मान हलवली. सळई घातली, तीही थंड निघाली. मग त्यांनी आतल्या खोलीकडे तोंड करून मोठ्याने विचारलं की कुठून फोडायची.

“डाव्या अंगानं. खालून दीड वीत,” आतून उत्तर आलं. “पाणी घेऊन उभे राहा. तोंडं मांगं घ्या.”

पट्ट्या तोडल्या. गठाणीने श्वास सोडल्यासारखा आवाज केला आणि ती फुगली. जमादार थर उपसायला लागला. पांढरा, पांढरा, पांढरा. तो हसला, आणि भिंतीवरचे चारदोन हसले. मी खालून दीड वीत मोजून बोट ठेवलं. तिथे रुई चहाच्या रंगाची निघाली. पुढचा थर तपकिरी, त्याच्या पुढचा काळा. मग नारळाएवढी पोकळी. आत आग नव्हती. नुसता काळोख होता, शांत, कोरडा, कुणीतरी नुकतंच उठून गेलेल्या खोलीसारखा.

मग त्या काळोखाला हवा लागली. तो आतून लाल झाला, सावकाश, झोपेतून डोळा उघडावा तसा, आणि पुरुषभर ज्वाला वर आली. फौजदार कडुनिंबाला जाऊन टेकले. बाया ओरडल्या नाहीत, एकमेकींचे हात धरून उभ्या राहिल्या. पाणी पडलं, वाफ निघाली, संपलं.

फौजदारांनी तिथेच कागद फाडला. शेटजींनी मिस्त्रींची सगळ्यांसमोर माफी मागितली. मला वाटलं जमलं. माझी छाती पुन्हा थोडी वर आली होती, हे कबूल करतो.

मिस्त्री बाहेर आले, ओसरीवर टेकून वहाणा घालायला लागले. चौकीत एक म्हातारा हवालदार होता, पन्नाशी उलटलेला, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला. त्याने माझ्याकडे वळून अगदी साधेपणाने विचारलं, “मास्तर, गठाणीत आग राह्यते, हे समजलं. पण दोन भिंतीआडून हे यायले कसं समजलं? दीड वीत कसं समजलं?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. वास म्हणता आलं असतं. अनुभव म्हणता आलं असतं. माणूस तीस वर्षं गठाणी फोडतो, आग हवेच्या दिशेने सरकते, ऊन आणि वारा बघून त्याला अंदाज येतो, असं काहीही. मला पाच वाक्यं सहज सुचली असती. शाळेत याहून अवघड गोष्टींवर मी याहून कमी माहितीवर बोललो होतो. पण माझ्या खिशात ती वही होती, त्यात रोजच्या नोंदी होत्या, आणि पाचव्या दिवशीचं मी लिहिलं नव्हतं तरी मला ते ठाऊक होतं. मी तोंड उघडलं आणि मिटलं.

भिंतीवरून माणसं उतरायला लागली. मिस्त्री अंगणातून फाटकाकडे निघाले तेव्हा वाट आपोआप मोठी झाली. ज्या बाईची शिदोरी त्यांनी लाथेने उडवली होती तिने लेकराचं तोंड पदराने झाकलं.

त्या उन्हाळ्यात एकाही लग्नाची गॅसबत्ती दुरुस्तीला आली नाही. चक्कीवाल्याने यवतमाळहून माणूस आणायला सुरुवात केली. शेटजींनी दिवाळीला मिठाई पाठवली, पण जिनात बोलावणं आलं नाही. आग लावणारा म्हणून लोक त्यांना शिव्या तरी देत होते. आता समोरून आले की चुलीवर झाकण ठेवत. दिवाळीनंतर ते आणि चाची मुकुटबनला, तिच्या भावाकडे निघून गेले. एसटीवर सामान मी चढवलं. चाची माझ्याशी बोलली, जेवणाची, कपड्यांची चौकशी केली. मिस्त्री बोलले नाहीत. ते माझ्यावर रागावले आहेत असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो, आणि रागवायला त्यांना कारणंही दोन होती, एक जिनातलं आणि एक चौकीतलं.

आता मी त्यांच्या तेव्हाच्या वयाच्या जवळ आलो आहे, आणि चौकीतली ती ओसरी मला वेगळी दिसते. हवालदाराने विचारलं तेव्हा मिस्त्रींची एक वहाण पायात होती आणि एक हातात. त्यांनी ती घातली नाही. ते तसेच थांबले, मान थोडी वळवून, उंबऱ्यावर थांबायचे तसे. मी समजलो, मी त्यांची बाजू कशी घेतो ते ते बघताहेत. तसं नव्हतं. तिथे जमलेल्यांत त्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांत जास्त कुणाला हवं असेल तर ते त्यांना. गावात विज्ञान शिकलेला एकच माणूस होता. त्याने उत्तर दिलं असतं तर मिस्त्री त्या दिवशी इतर माणसांसारखे घरी गेले असते.

मी बोलत नाही हे बघून त्यांनी दुसरी वहाण पायात घातली.